पाठीला पाठ

शर्यतीत सायकलवाल्यांचे फोटो काढायचे, तर मोटरसायकलवर ड्रायव्हरच्या पाठीला पाठ लावून, उलटं तोंड करून बसावं लागतं. वाऱ्यात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून फोटोग्राफरची आणि त्याच्या ड्रायव्हरची खूण वीस वर्षं ठरलेली. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे जोरात.

घाटमाथ्यावर गाडी इंजिन चालू ठेवून थांबली होती. पहिला सायकलवाला वर पोचताच फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून डोळा न काढता मागे हात नेला आणि दोन थापा दिल्या. गाडी उताराला लागली, ती अशी की एकही फोटो हलला नाही. 'आज पठ्ठ्या फॉर्मात आहे,' तो मनात म्हणाला.

चौथ्या वळणावर कानातला वायरलेस खरखरला. आयोजक हसत होते. "अहो साहेब, तुमचा ड्रायव्हर इथं माथ्यावर बोंबलतोय! लघवीला उतरलो, तेवढ्यात दादा गाडी घेऊन पसार झाले, म्हणतो. चालवतंय कोण?"

पाठीला टेकलेली पाठ तशीच टेकलेली होती. वळून बघायचा धीर होईना. त्याने मागे हात नेऊन एक थाप दिली.

लगेच त्याच्याच खांद्यावर दोन पडल्या.