काचेआडची खूण

"फ्राउ पाश, तिजोरीच्या खोलीत तुमचा नवरा कोंडलाय! त्याच्या जिवाची भीक मागा. कोबीचा भाव काय करताय?"

दिग्दर्शक क्रुम्बाख पुन्हा ओरडला. गेर्लिंदे पाश मान खाली घालून उभी राहिली. चित्रपट मुके होते तोवर हाच माणूस तिच्यापुढे टोपी काढायचा. आता बर्लिनचे चित्रपट बोलायला लागले आणि तिचा सॅक्सनीचा हेल सगळ्यांच्या कानांना टोचू लागला. कोपऱ्यात व्हिएन्नाची एक नाटकवाली तिच्यासारखाच पोशाख घालून तयार बसली होती.

"ही शेवटची संधी," क्रुम्बाख म्हणाला. "नाहीतर तुम्ही आपल्या घरी."

कॅमेऱ्यावर तिचाच नवरा होता, ओस्वाल्ड. कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये जाऊ नये म्हणून त्याला कॅमेऱ्यासकट एका जाड भिंतींच्या पेटीत बसावं लागे. समोर काच, दाराला बाहेरून कडी. आत नुसती भट्टी.

"चला, भाजून घेतो स्वतःला," कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकत तो हसला. "असू दे अंगावर, थरथरते आहेस. खिशात माझ्या छातीदुखीच्या थेंबांची बाटली आहे, तेवढी सांभाळ. आणि घाबरतेस काय अशी? मी आहे ना समोर."

"खूण करशील?"

"नेहमीचीच. पंजा काचेला लागला की समज, झकास चाललंय, थांबायचं नाही."

कडी लागली. तिनं कोट खुर्चीवर ठेवला. तांबडा दिवा पेटला. आता कुणी शिंकलं तरी सगळं पहिल्यापासून.

सुरुवातीची वाक्यं अडखळतच आली. क्रुम्बाखच्या कपाळावर आठी चढली. मेलं, गेलं सगळं! तिनं घाबरून काचेकडे पाहिलं.

ओस्वाल्डचा पंजा काचेला लागला होता.

तिच्या अंगात बळ आलं. हेलबिल सगळं विसरून ती बोलायला लागली. तेवढ्यात दुसराही पंजा काचेवर आला. दोन्ही हात! असं तर त्यानं कधीच केलं नव्हतं. काचेवर धबाधब मारत होता वेडा. तिला भरून आलं.

"उघडा हो ते दार!" ती बँकेचा मॅनेजर झालेल्या नटाच्या पायांवर कोसळली. "माझा माणूस आत आहे! किल्ली तुमच्या हातात आहे, उघडा!"

व्हिएन्नावाली डोळे पुसायला लागली.

दिवा विझला. क्रुम्बाखनं खरोखरच टोपी काढली. "जिंकलंत बाई! भूमिका तुमचीच."

"आणि पेटी काय नामी बनलीय!" ध्वनिमुद्रक टेट्सनर खुशीत म्हणाला. "आतला कणभर आवाज बाहेर आला नाही."

गेर्लिंदे धावतच पेटीकडे गेली. "पाहिलंस ना रे?" म्हणत तिनं हसत हसत कडी काढली.

आत कॅमेरा मोटारीवर एकटाच चालू होता. काचेवर घामाचे दोन पंजे उमटले होते, आणि त्यांच्या बोटांच्या रेघा ओघळत खाली, ओस्वाल्ड पडला होता तिथवर गेल्या होत्या.