म्हातारीचा रीस्टार्ट

"आज म्हातारी रीस्टार्ट करायची," सासरे म्हणाले, आणि सुनेच्या हातातला चहा बशीत सांडला.

म्हातारी म्हणजे रक्तपेढीचं मशीन. कुठल्या गटाच्या किती पिशव्या आल्या, कुठली कोणाला गेली, सगळं तिच्या पोटात. सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी तिच्यावर लिनक्स ही कॉम्प्युटरची प्रणाली बसवली होती. तेव्हापासून ती बंद पडली नव्हती, आणि त्यांनी बंद होऊ दिली नव्हती. पाहुणा आला की ते त्याला तिच्यासमोर उभं करत, कमांड मारत आणि ती किती दिवस अखंड चालू आहे तो आकडा दाखवत. लोक नातवाची बक्षिसं दाखवतात तसं.

अडचण एवढीच होती, की प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमध्ये, म्हणजे मायक्रोकोडमध्ये, चुका सापडल्या की दुरुस्ती येते, आणि ती नीट लागू होते मशीन पुन्हा सुरू होताना. सासरे आलेली प्रत्येक दुरुस्ती निष्ठेने उतरवून घेत आणि रीस्टार्ट पुढच्या महिन्यावर ढकलत. आकडा मोडवत नसे. त्यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या सुनेने विषय काढला की, "माझ्या म्हातारीला काही धाड भरत नाही," म्हणून उडवून लावत.

शेवटी ते बाहेरगावी गेलेले असताना तिनेच सगळं काम शेजारच्या खोलीतल्या नव्या मशीनवर हलवलं. त्या कामाचा तिला अजून अभिमान होता, आणि तो कोणापाशी मिरवता येत नव्हता हे फार जड जायचं. रक्ताच्या पिशव्या देणाऱ्या काउंटरवरच्या सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं. म्हातारी रिकामीच घरघरत राहिली, सासरे आकडा दाखवत राहिले.

आज त्यांचा कामाचा शेवटचा दिवस. आज कळलं असतं, तर सगळ्यांनी मिळून आपल्याला वेड्यात काढलं, एवढंच ते घरी घेऊन गेले असते.

"बाबा, आजच कशाला? आकडा जाईल तुमचा."

"जाऊ दे. तुझ्या हातात देताना धडधाकट द्यायची. काउंटरला फोन लाव. म्हणावं, थोडा वेळ पिशव्या देऊ नका."

तिने फोन लावला. तिकडची टेक्निशियन मुरलेली होती. "काकांना सांग, आम्ही हाताची घडी घालून बसलोय," ती म्हणाली.

सासऱ्यांनी चष्मा पुसला. ताठ बसले आणि कमांड मारली. स्क्रीन काळी झाली. पंख्यांची घरघर ओसरली.

नेमका तेव्हाच भिंतीपलीकडे काउंटरचा प्रिंटर खरखरला. कुठल्यातरी पिशवीचं लेबल निघत होतं. मशीन बंद, आणि लेबल चालू.

सुनेने चटकन सासऱ्यांकडे पाहिलं. पण सासऱ्यांना खोकल्याची मोठी उबळ आली होती, आणि हल्ली त्यांना ऐकूही कमीच यायचं. तिने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. ते घोटभर प्यायले.

म्हातारी उठली.

"मायक्रोकोडची ओळ वाच."

तिने वाचली. जुनी आवृत्ती गेली होती, नवी लागू झाली होती. "झालं, बाबा."

"आणि आकडा?"

"आता फक्त एक मिनिट."

ते हसले. ज्या आकड्याला इतकी वर्षं तळहाताच्या फोडासारखं जपलं, तो त्यांनी स्वतःच पुसला होता, आणि चेहऱ्यावर खंत म्हणून नव्हती. तिला त्यांचा एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले. निभावलं एकदाचं, ती मनात म्हणाली.

त्यांनी खोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवली, आपली कापडी पिशवी उचलली आणि दारापाशी जाऊन थांबले.

"नव्या मशीनवर हीच दुरुस्ती तू गेल्या महिन्यात केलीस, ती पाहिली मी," ते म्हणाले. "आणि काम हलवलंस तेव्हा तेही सगळं तपासलं होतं. एक नोंद इकडची तिकडे नाही. माझ्याच्याने असं झालं नसतं, पोरी."