तीन फूट माती

नवव्या जागीही पहार वीतभर आत गेली आणि खण्णकन दगडावर आपटली. शमशादने ती ओढून काढली, मातीचा डाग कुठवर चढलाय ते टेपने मोजलं आणि वहीत लिहिलं, नऊ इंच.

"किती भरली, बाई?" मागून बद्रीनाथ गिरींनी विचारलं.

"नऊ, बाबा."

म्हातारबुवांनी मान हलवली. सकाळपासून ते प्रत्येक जागी हेच विचारत होते. जमीन त्यांची, तेव्हा विचारणारच.

वेरूळच्या अलीकडे ही त्यांची चार एकर. पंधरा वर्षं तिथे दगडाची खदान चालली आणि दगड संपल्यावर बंद पडली. करार असा, की काकासाहेब ठेकेदाराने खड्डा बुजवायचा, वर तीन फूट काळी माती पसरायची आणि रान मालकाला परत द्यायचं. ते काम तपासायला शमशाद संभाजीनगरच्या सरकारी कचेरीतून आली होती. तिने पास केलं की ताबा त्याच दिवशी. तोवर तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप आणि आत साधी कुदळ मारायलाही बंदी.

काकासाहेबांनी काम झकास सजवलं होतं. हिरवंगार गवत, चुना लावलेले दगड, नावाची पाटी. खाली मात्र धोंडेच धोंडे. वरून कीर्तन, आतून तमाशा! आणि स्वतः काकासाहेब कुंपणाशी खुर्ची टाकून, जणू लेकीच्या लग्नात बसावं तसे ऐटीत बसले होते.

दहावी जागा बांधाकडची. तिथे पहार जरा खोल गेली. गिरीबाबा चटकन पुढे आले, गुडघ्यावर बसले.

"चौदा," शमशाद म्हणाली.

बाबांनी त्या भोकाशी वीत लावून बघितली. मग उठून म्हणाले, "पास करून टाका, बाई."

"काय म्हणालात?"

"मालकाचीच हरकत नाय म्हणल्यावर आपण कशाला जीव जाळायचा, मॅडम?" काकासाहेब लांबूनच बोलले.

शमशादचं डोकं तडकलं. ती वैजापूरच्या शेतकऱ्याची मुलगी. चौदा इंच मातीत काय येतं आणि काय येत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ठेकेदाराने म्हाताऱ्याला गुंडाळलेलं दिसत होतं.

"बाबा, ऐका माझं," ती म्हणाली. "ह्या मातीत काही उभं राहणार नाही. एकदा पास झालं की तुमचं कुणी ऐकणार नाही. मी नापास लिहिते. त्यांना सगळं उकरून पुन्हा भरावं लागेल."

"किती दिवस लागत्याल?"

तिला खोटं बोलता आलं नाही. नोटीस, खुलासा, अपील. मागच्या अशाच एका खदानीला चार वर्षं लागली होती.

"तीन-चार वर्षं तरी."

"तेवढं नाय जमायचं."

"मग घ्या नापीक रान! पेरा त्यात धोंडे!" ती ओरडलीच. कुंपणाशी काकासाहेब हसले.

गिरीबाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. तिला जरा बाजूला घेऊन गेले.

"मला पेरायचं कुठं हाय, बाई," ते म्हणाले. "घरी द्वारका हाय, माझी मालकीण. डॉक्टर म्हणले, घरी न्या, आठवडा निघंल. आम्ही गोसावी. आमच्यात जाळत नाय, मांडी घालून मातीत बसवत्यात. खदानीच्या आधी माझ्या आई-बापाला ह्याच रानात बसवलंय. दुसरी वीतभर जागा नाय मला."

शमशादला स्वतःची लाज वाटली. पास लिहावं तर खाली धोंडे, नापास लिहावं तर फाटकाला कुलूप. तिने वही उघडून दहाही आकडे पुन्हा वाचले. वाचून ते थोडेच वाढणार होते!

"चौदाच्या वर कुठेच नाही, बाबा," ती कशीबशी म्हणाली.

"अजून एक डाव पहार मारून बघा. वर टाकायची माती मी डोक्यावर वाहून आणीन. काल तिला भिंतीला टेकवून बसवलं अन् मोजलं. अडीच फूट भरली." बाबांनी पहार उचलून तिच्या हातात दिली. "तर तीच म्हणली, मी मान खाली घालीन, अजून चार बोटं कमी भरंन."