तिरका गज

"या बाजूला बसव," सोनाजीनं काठीनं दाखवलं. "कडब्याकडं."

कादर सुतार लोखंडी गज खांद्यावर घेऊन न्हाणीत उभा होता. न्हाणी कसली, परसातला एक कोपरा. स्वयंपाकघराची भिंत आणि गोठ्याची भिंत जिथं मिळत होत्या, तिथं एक सपाट दगड टाकलेला, बस्स. दोन बाजूंना भिंती, दोन बाजू उघड्या. एक कडब्याच्या गंजीकडं, दुसरी मागच्या ओसरीकडं. आणि गज एकच. लढाईमुळं लोखंड मिळेनासं झालं होतं. आखाडा बाळापूरचा सगळा बाजार पालथा घालून हा मिळवला, हे सोनाजीनं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून झालं होतं. सुनेच्या अब्रूसाठी माणसानं एवढं करावंच, हेही.

सून मंजुळा पदर पुढं ओढून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात गोणपाटाचा पडदा, कड्या लावून स्वतः शिवलेला. नवरा हिंगोलीला जिनिंगात कामाला, कधीमधी यायचा. दिवाळीपासून ती घरी न्हातच नव्हती. लेकराला सासूजवळ टाकून अंधारातच शेतातल्या विहिरीवर जायची आणि थंडीत कुडकुडत परत यायची. शेवटी सासूनंच पडद्याचा विषय काढला. सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायची रीत नव्हती. त्यामुळं गज कुठं हवा, हे जिला न्हायचं होतं तिला कोणी विचारलंच नाही.

"मालक, कडब्याकडून कोण येतंय?" कादर म्हणाला. "तिकडं तुमची म्हैससुद्धा फिरकत न्हाई. उघडं तर हिकडं हाय." त्यानं ओसरीकडं हात केला.

"हिकडं घरचीच माणसं. घरच्या माणसाला कसला पडदा?"

कादरनं ओसरीकडं पाहिलं. तिथं सोनाजीची बाज होती. गावातली म्हातारी माणसं बाज पुढच्या अंगणात टाकतात, रस्त्याकडं तोंड करून, म्हणजे आल्यागेल्याला रामराम होतो. ही बाज मागं, न्हाणीकडं तोंड करून. एकाच जागी राहून राहून तिच्या पायांनी मातीत खड्डे पाडले होते. उशाशी तंबाखूच्या पिचकाऱ्यांचा थर साचला होता, जुन्यावर नवा. काल-परवाचा थर नव्हता तो. याच माणसानं गावाच्या पंचायतीत बसून लोकांचे न्याय केले होते, आणि याच्या हातचं पान कादरनं कितीदा खाल्लं होतं.

त्यानं गज उचलला. एक टोक स्वयंपाकघराच्या भिंतीच्या कडेला टेकवलं, दुसरं गोठ्याच्या भिंतीच्या कडेला.

"तिरका बसवतो. जागा थोडी कमी पडंल, पर दोन्ही बाजू झाकतील. एका गजात बराबर भागतंय."

मंजुळा दारातून एक पाऊल पुढं आली.

"तिरका?" सोनाजी खेकसला. "न्हाणीत ऊन येणार न्हाई. शेवाळ धरंल. पोरगी घसरून पडली तर? लेकराची आई हाय ती."

त्याच्या एकेका बोलण्यात सुनेची काळजी होती. किळस यावी ती त्या काळजीचीच.

सोनाजीची बायको द्वारकाबाई गोठ्यातून शेणाचे हात घेऊन बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"कादरभाऊ, तिरकाच बसवा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला न्हाई कळणार तर कोणाला कळंल?" ती ओसरीवर चढली आणि बाजेपाशी उभी राहिली. "ही बाज मामंजींची. हितंच असायची, असंच तोंड करून. मी लुगडं दातात धरून न्हायची. तुमाला सांगितलं, तवा तुमी काय म्हणले?"

उत्तराची वाट न बघता तिनंच सांगितलं.

"म्हणले, म्हातारं माणूस हाय, बसू दे."

परक्या माणसासमोर एवढं बोलून गेल्यावर आता झाकायचं काही उरलं नव्हतं. कादरनं पाठ फिरवली आणि भिंतीत भोक पाडायला घेतलं. गजाचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. मंजुळानं पडदा खांद्यावर टाकला आणि सासऱ्यादेखत पुढं येऊन ते धरलं.

द्वारकाबाईनं बाज फराफरा ओढत पुढच्या अंगणात नेऊन टाकली. गोठ्यातून घमेलंभर शेण आणलं, ओसरीवर उकिडवी बसली आणि बाजेच्या पायांचे खड्डे भरू लागली. मग पिचकाऱ्यांच्या थरावरून तिनं हात फिरवला. आजवर रोज त्याच्या कडेकडेनं सारवत आली होती, तसं नाही. नखांनी खरवडून.

सोनाजी मधोमध उभा. बसायला जागा राहिली नव्हती आणि काहीतरी बोलणं तर भाग होतं. त्यानं उपरण्याचं टोक नाकाला लावलं.

"हात धू आधी. घाण येऊन राहिली."

द्वारकाबाईनं हात नाकाशी नेऊन वास घेतला.

"शेणाची न्हाई ती," ती म्हणाली, आणि उरलेला खड्डा लिंपायला घेतला.