कुंभातल्या शिव्या

ग्रामोफोनची सुई ग्रीक कुंभावर चितारलेल्या अपोलो देवाच्या वीणेवरून फिरली आणि अडीच हजार वर्षांपूर्वी ओल्या मातीत मुरलेले म्हणे ते सूर खोलीभर पसरले. विक्रेते मोकाशी भक्तिभावाने डोळे मिटून बसले. संग्रहालयाच्या वसुधाताईंचा संशय मात्र वाढला. दोन नकली कुंभ आधीच गळ्यात पडले होते. तिसरा पडला तर नोकरीच जाणार होती.

“यात कुंभाराच्या शिव्या कुठायत?” त्यांनी विचारलं. “घडवताना तो जे बोलतो तेच मातीत उतरतं. खऱ्या कुंभात हटकून असतात.”

“ताई, साक्षात देव वाजवतोय. शिव्या कोण देईल?”

“देव चित्रात आहे, मोकाशी. चाकाशी माणूसच बसतो. न्या परत.”

कुंभ खोक्यात घालताना मोकाशींनी हमालाला एक सणसणीत शिवी हासडली. हीच ग्रीकमध्ये कुंभात असती, तर आपण नक्की फसलो असतो, असं ताईंना वाटून गेलं.