मरळीचा तुकडा

ममताने मरळीचा रस्सा भाकरीवर ओतला आणि भुरका मारला. आठवा महिना लागला होता. भूक आवरत नव्हती.

मासळी वीजघरामागच्या तलावातली. मोठा भाऊ प्रफुल्ल वीजघरातच कामाला; येताना भोयाकडून आणायचा. सासरी, घाटंजीकडे, यंदा बोंडअळीने कापूस खाल्ला. नवरा सुरतेला कामाला गेला आणि ममता दसऱ्यालाच माहेरी आली. निघताना दवाखान्यातल्या सिस्टरने बजावले होते, "दगडी कोळशाच्या धुरात पारा असतो. तो पाण्यात उतरतो, मासळीत जातो. पोटातल्या लेकराच्या मेंदूला बाधतो. जपून खा."

ममता भ्याली होती. माहेरी आल्यावर तिने हे सांगितले तेव्हा प्रफुल्ल हसला होता. "अवं, माही ड्युटीच त्याची हाय. खास भाजलेल्या कोळशाची पावडर धुरात फुकतो आमी. कापूस सरकीले कसा धरून राह्यते, तसा पारा त्या पावडरीले धरून राह्यते. मंग राखेसंगं गाळणीत अडकते. खाय बिनघोर."

सिस्टर परकी, भाऊ सख्खा. ममता खात राहिली.

आज माय, धुरपताबाई, आनंदात होती. सून वैष्णवीला दिवस गेल्याचे दुपारीच कळले होते. जेवायला बसता बसता मायनेच ते प्रफुल्लच्या कानावर घातले. तो लाजला, हसला. मायने सुनेच्या ताटात मोठा तुकडा वाढला.

प्रफुल्लने तो उचलून परत रश्श्याच्या गंजात टाकला.

"हिले नोको देऊ."

"काहून रे? आता तं खाल्लंच पायजे तिनं."

"नोको म्हन्लं ना, माय. तलावाची मासळीच नोको."

"आला मोठा डाक्टर! अजून बाप नाही झाला तं एवढा धाक!" माय हसली. तोच तुकडा तिने ममताच्या ताटात घातला. "घे बाई, तू खाय."

प्रफुल्लने पाहिले आणि तो आपली भाकरी कुस्करू लागला.

ममताचा घास हातातच राहिला.

"दादा, पावडर चालू हाय ना?"

तो भाकरी कुस्करत राहिला. "दिवाळीपासून बंद हाय. म्हाग पडते म्हने. बाहेर बोलू नोको, माही नोकरी जाईन. घरची मासळी बंद केली असती तं गावानं इचारलंच असतं."

मायची पळी हवेतच थांबली. वैष्णवीने मान खाली घातली. दिवाळीनंतरही दर ऐतवारी मासळी त्यानेच आणली होती. ममताला ओणवता येत नाही म्हणून काटे काढून तिच्या ताटात ठेवली होती. ममताने ताट बाजूला सारले.

"अन् मले काहून नाही सांगितलं?"

असा काही प्रश्न असू शकतो हेच जणू प्रफुल्लला कळले नाही. वैष्णवीकडे हात करून तो लहान पोरीला समजवावे तसा म्हणाला, "अवं ममता, हे आपल्या घरचं लेकरू हाय."