पळीभर पाणी

"राग हे विष आहे, ताई. सोडा, हलकं वाटेल," टीव्हीवरचे स्वामीजी म्हणाले आणि त्यांनी वैजयंताच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं. समोर ताम्हण होतं, कॅमेरे रोखलेले होते. दारूच्या नशेत तिच्या लेकीला गाडीखाली चिरडून मारणाऱ्या पोराचा बाप शेजारच्या खुर्चीत हात जोडून बसला होता. कार्यक्रमाचा प्रायोजकही तोच. मागच्या पडद्यावर त्याच्या कंपनीचं नाव झळकत होतं.

"म्हणा, मी त्याला माफ केलं, आणि पाणी सोडा," निवेदिका कुजबुजली. "सगळा महाराष्ट्र तुमच्याकडून शिकतोय."

शिकतोय म्हणे! गेलं वर्षभर ती एकटी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती, तेव्हा यांच्यातलं कुत्रंही फिरकलं नव्हतं. तिने थेंबही ताम्हणात पडू दिला नाही. तळहात तोंडाशी नेऊन तिने ते पाणी पिऊन टाकलं.

स्वामीजी गडबडले. "अहो ताई, सोडायचं होतं ते!"

"नाही सोडत," पदराने तोंड पुसत ती कडाडली. "मंगळवारी तारीख आहे. लेक तर गेली. आता रागही सोडला, तर कोर्टात सोबत कुणाला नेऊ?"